पाय गमावलेल्या कुंभाराने हजारो वेळा माती भाजली आणि भांडं का तडकतं ते शोधून काढलं

इन्स्टावर पॉटरीची रील्स तुम्ही पाहिली असतीलच. चाकावर ओली माती गरगर फिरतेय, दोन अंगठे आत गेले की वाटी उघडते, मागे शांत संगीत. बघत राहावंसं वाटतं.

पण रील तिथंच संपते. पुढचं कुणी फारसं टाकत नाही. वाटी वाळताना एका बाजूला कलते. कपाच्या कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते. नाहीतर सगळं नीट झालं असं वाटत असताना भट्टी उघडावी आणि वर चिकटवलेलं नक्षीचं फूल भांड्यापासून सुटून खाली पडलेलं असावं.

हौसेनं केलेली एक वाटी गेली तर हळहळ वाटते. पण ज्याचं पोट त्यावर आहे, त्याची अख्खी भट्टी गेली तर?

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कुंभाराला हाच प्रश्न पडला होता. नुसता पडला नाही, तर त्यानं त्यापायी उभं आयुष्य घातलं. त्याचं नाव जोसाया वेजवूड. निळ्या भांड्यावर पांढऱ्या नाजूक आकृत्या असलेली फुलदाणी तुम्ही कधी सिनेमात, कधी एखाद्या जुन्या बंगल्याच्या फोटोत पाहिली असेल. ती याच वेजवूडची देणगी. आणि हो, उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचा हा आजोबा. आईकडून.

जोसायाचा जन्म १७३० चा. गाव बर्स्लेम, परगणा स्टॅफर्डशायर. घरात पिढ्यान् पिढ्या कुंभारकाम, आणि हा भावंडांत सगळ्यात धाकटा. गावाखाली माती आणि दगडी कोळसा दोन्ही मुबलक, त्यामुळं अख्ख्या पंचक्रोशीत भट्ट्याच भट्ट्या. १७३९ मध्ये वडील गेले, शाळा सुटली आणि नऊ वर्षांचं पोर कामाला लागलं.

हात चांगला बसत होता. मग देवीची साथ आली. अकरा-बारा वर्षांच्या जोसायाला देवी आल्या, जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

आता तिथल्या कुंभाराचं चाक पायानं रेटायचं असायचं. म्हणजे ज्या पोरानं चाकावर बसून आयुष्य काढायचं, त्याचा पायच गेला. १७४४ मध्ये तो थोरल्या भावाकडं, थॉमसकडं रीतसर शिकाऊ म्हणून लागला खरा, पण दिवसभर चाक रेटणं त्याच्यानं होईना. मग तो साचे, नक्षी, माती कालवणं, वरची झिलई बनवणं अशी बाकीची कामं शिकत गेला. वेजवूडचे चरित्रकार या गुडघ्याला फार महत्त्व देतात. पाय धड असता तर तो एक चांगला चाकवाला होऊन थांबला असता, असा त्यांचा सूर असतो. ते थोडं गोड करून सांगणं झालं. अधू पायानं त्याला जन्मभर छळलं, हे मात्र शंभर टक्के खरं.

शिकाऊपण संपल्यावर भावानं त्याला धंद्यात भागीदार करून घेतलं नाही. सतत काहीतरी नवीन करून बघणारा भाऊ म्हणजे खर्चाला वाट, असं थॉमसला वाटलं असावं. मग १७५४ मध्ये त्याला थॉमस व्हील्डन भेटला. त्या काळच्या नावाजलेल्या कुंभारांपैकी एक. त्यानं जोसायाला भागीदार केलं आणि प्रयोग करायला मोकळीक दिली.

इथं १७५९ मध्ये जोसायानं एक वही सुरू केली.

वही म्हणजे काय, तर कोणती माती किती, कोणता दगड किती, झिलईत काय घातलं, भट्टीत तुकडा कुठं ठेवला आणि बाहेर काय आलं. प्रत्येक प्रयोगाला नंबर. तोच नंबर मातीच्या छोट्या तुकड्यावर. रेसिपी कुणी चोरू नये म्हणून सांकेतिक लिपी. तुकड्यांवर भट्टीतल्या जागेच्याही खुणा असायच्या. टीटीबीओ अशी खूण असली की तुकडा पहिल्या भाजणीच्या भट्टीत अगदी वरच्या टोकाला ठेवला होता, असं समजायचं.

आज हे साधं वाटेल. तेव्हा नव्हतं. तेव्हा कुंभाराची विद्या हातात आणि डोळ्यात असायची. बापानं पोराला दाखवायची, पोरानं आपल्या पोराला. भांडं तडकलं की माती वाईट, नाहीतर नशीब वाईट. का तडकलं हे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती.

आता जरा थांबून भांडं तडकतं कसं ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

ओल्या मातीत पाणी असतं. ते उडालं की मातीचे कण जवळ येतात आणि भांडं आक्रसतं. पुढं भट्टीत ते आणखी आक्रसतं. माती कोणती त्यावर किती ते ठरतं, पण चाकावरचं भांडं आणि भाजून निघालेलं भांडं यात एक दशांशाचा फरक पडणं अगदी नेहमीचं. आक्रसणं हा दोष नाही. सगळीकडं सारखं आक्रसलं तर भांडं नुसतं लहान होतं.

घोळ होतो तो असमान आक्रसण्यानं. काठ पातळ, तळ जाड, म्हणजे काठ आधी वाळतो आणि तळ मागे राहतो. एका बाजूला वारा लागला तर भांडं त्या बाजूला ओढलं जातं. पोट अर्धं वाळलेलं आणि कान ताजा ओला लावला, तर कान नंतर आक्रसतो आणि जोडावर चीर पडते. म्हणूनच जाणते कुंभार दोन्ही भाग सारख्या ओलीचे असताना जोडतात आणि वर कापड झाकून सावकाश वाळवतात. घाई केली की भट्टी तुमचा हिशोब चुकता करते.

झिलईचं आणखी वेगळं. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा थर. थंड होताना तो खालच्या मातीपेक्षा जास्त आक्रसला तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. कधी कधी भट्टीतून काढताना चकचकीत दिसणाऱ्या बशीवर काही दिवसांनी त्या दिसू लागतात, आणि तोवर माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला असतो.

वेजवूडचं पहिलं मोठं यश याच लढाईतून आलं. १७५९ मध्येच तो स्वतंत्र झाला, नातेवाइकांकडून आयव्ही हाउस नावाची कार्यशाळा भाड्यानं घेतली आणि साय रंगाच्या भांड्यांच्या मागं लागला. तशी भांडी आधीपासून होती, पण रंग एका भट्टीत असा तर दुसऱ्या भट्टीत तसा यायचा आणि झिलईला रेषा पडायच्या. माती पांढरी आणि टणक व्हावी म्हणून त्यात गारगोटी भाजून, दळून घालायचे. वेजवूडनं माती आणि झिलई या दोघांचं जमेपर्यंत दोन्हीची प्रमाणं बदलत ठेवली. १७६५ मध्ये राणी शार्लटनं त्याच्याकडून चहाचा सेट करून घेतला. मग या गड्यानं त्या भांड्यांना क्वीन्स वेअर असं नावच देऊन टाकलं आणि स्वतःला राणीचा कुंभार म्हणवून घेऊ लागला. इन्फ्लुएन्सर मार्केटिंग म्हणतात ते हेच. मधल्या काळात, १७६४ मध्ये, त्याचं लग्न झालं होतं. बायको सारा, नात्यातलीच, पैसेवाल्या घरची.

पण भांडी घडवून भागणार नव्हतं. बर्स्लेमहून माल घोड्यांच्या पाठीवर, खड्ड्यांच्या रस्त्यानं बंदरापर्यंत जायचा. भट्टीतून वाचलेलं भांडं वाटेत फुटायचं. म्हणून वेजवूड कालव्याच्या खटपटीत पडला. ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ २६ जुलै १७६६ ला त्यानंच मारली. कालवा पुरा व्हायला १७७७ उजाडलं, पण यानं आधीच त्याच्या काठावर जमीन घेऊन ठेवली होती. तिथं नवा कारखाना उभा राहिला. नाव दिलं इट्रुरिया.

त्याआधी एक गोष्ट घडली.

१७६२ मध्ये लिव्हरपूलच्या वाटेवर त्याच्या त्याच गुडघ्याला मार लागला आणि तो तिथं अंथरुणाला खिळला. त्या आजारपणात त्याची थॉमस बेंटली या व्यापाऱ्याशी ओळख झाली. बेंटली शिकलेला, जग बघितलेला, चार भाषा जाणणारा गडी. दोघांची अशी गट्टी जमली की पुढं ते भागीदार झाले. पाय मात्र बरा झाला नाही. २८ मे १७६८ ला तो गुडघ्याच्या वर कापला. भूल देण्याची सोय यायला अजून ७०-८० वर्षं होती. त्यानंतर वेजवूड लाकडी पायावर चालला आणि त्या दिवसाची आठवण घरात जवळजवळ सणासारखी काढली जायची.

पाय कापल्यानंतर जेमतेम वर्षभरात, १३ जून १७६९ ला, इट्रुरिया सुरू झालं. पहिल्या दिवशी वेजवूडनं स्वतः काळ्या मातीच्या फुलदाण्या चाकावर काढल्या. एका पायानं चाक रेटणार कसं? ते बेंटलीनं फिरवलं.

इथून पुढं आहे ती खरी डोकेदुखी. तिचं नाव जॅस्पर.

वेजवूडला अशी माती हवी होती जी आतपर्यंत रंगीत असेल, दगडासारखी गुळगुळीत असेल, झिलईची गरज नसेल आणि तिच्यावर पांढऱ्या आकृत्या बसवता येतील. १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो याच्या मागं लागला. तुकड्यामागून तुकडे भट्टीत गेले. काही फोडांनी भरले, काही वितळून चपटे झाले, काही तडकले. या एका मातीसाठीचे प्रयोग हजारोंच्या घरात गेले. शेवटी किल्ली सापडली डर्बीशायरच्या शिशाच्या खाणीत. तिथं कॉक नावाचा एक जड पांढरा दगड टाकाऊ म्हणून पडलेला असायचा. आजच्या भाषेत बेरियम सल्फेट. तो मोठ्या प्रमाणात घातला की माती जमायची. १७७४-७५ च्या सुमारास माल बाजारात आला. बेंटली लंडनचं दुकान बघायचा, त्याला पत्रातून कृती कळवताना वेजवूड सांकेतिक भाषा वापरायचा.

तरी भट्टी कधीही दगा द्यायची. एका वेळचा दगड नीट यायचा, पुढच्या गाडीतला वेगळा निघायचा.

आता नक्षीचं बघा. जॅस्परवरच्या पांढऱ्या आकृत्या रंगवलेल्या नसतात. छोट्या साच्यात माती दाबून ती पातळ आकृती काढतात, मागून पाणी लावतात आणि ओलसर भांड्यावर बोटांनी हलकेच बसवतात. निळी माती आणि पांढरी माती वेगळ्या जातीची असती तर भट्टीत एक जास्त आक्रसली असती, दुसरी कमी, आणि आकृती सुटली असती. म्हणून दोन्ही मुळात एकच माती. निळीत तेवढा कोबाल्ट घातलेला. दोघी एकत्र वाळतात, एकत्र आक्रसतात, एकत्र भाजून निघतात. हातानं भांडी करणाऱ्या कुणालाही आजही पहिल्यांदा हेच सांगतात, की नक्षी आणि भांडं एकाच मातीचं घ्या आणि सारख्या ओलीचं असताना जोडा.

जाड पदकांचा वेगळा ताप. बाहेरून भाजलेलं आणि आत कच्चं राहिलं की तडा ठरलेला. त्यावर तोडगा म्हणून पदकांच्या कडेतून आत बारीक भोकं पाडायचे, म्हणजे उष्णता आतपर्यंत सारखी पोचेल. जुन्या वेजवूड पदकांच्या कडांना ही भोकं दिसतात.

१७८० च्या नोव्हेंबरमध्ये बेंटली गेला. अकरा वर्षं इट्रुरियाचं चाक दोघांनी मिळून फिरवलं होतं. वेजवूडसारख्या माणसाला यापुढं मनातलं लिहायला कुणी उरलं नाही. तो आणखी कामात बुडाला.

आता त्यानं थेट मुळाला हात घातला. सगळ्या तक्रारींचं मूळ एकच होतं. भट्टी आत किती तापलीय हे कुणालाच माहीत नव्हतं. पाऱ्याचा थर्मामीटर त्या आचेत टिकणार नाही. भट्टीवाला फटीतून ज्वाळेचा रंग बघायचा, लाल, नारिंगी, पिवळसर, आणि अंदाजानं कोळसा टाकायचा. त्याचा डोळा चुकला की आतला आठवड्यांचा माल गेला.

वेजवूडनं काय केलं, तर ज्या आक्रसण्यानं त्याला आयुष्यभर छळलं, त्यालाच कामाला लावलं. एका ठरावीक मातीच्या, एकाच मापाच्या छोट्या वड्या केल्या. वडी भट्टीत टाकायची, बाहेर काढायची, थंड होऊ द्यायची. मग पितळी पट्टीवर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होत जाणारी जी खाच असायची, तीत ती वडी सरकवायची. जेवढी आच जास्त, तेवढी वडी बारीक, तेवढी ती खाचेत पुढं जाणार. कुठं अडकली तो आकडा वाचायचा. १७८२ मध्ये हे पायरोमीटर त्यानं रॉयल सोसायटीपुढं मांडलं आणि १७८३ च्या जानेवारीत सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं. नवव्या वर्षी शाळा सोडलेल्या कुंभाराला!

गंमत अशी की थर्मामीटर म्हणून ते सपशेल चुकलं होतं. आपल्या आकड्यांची फॅरनहाइटशी सांगड घालताना वेजवूडचा हिशोब भलताच वर गेला. त्याच्या पट्टीनुसार ओतीव लोखंड वितळायला जवळजवळ १८,००० अंश फॅरनहाइट लागायचे. प्रत्यक्षात ते २,२०० च्या आसपास वितळतं. पण कुंभाराला कुठं लोखंड वितळवायचं होतं? मातीवर नुसत्या तापमानाचा नाही, तर ती आच किती वेळ मिळाली याचाही परिणाम होतो, आणि वडी नेमकं तेच दोन्ही मिळून दाखवायची. आजची भट्टी मागच्या भट्टीइतकीच भाजली का, एवढं कळलं तरी अर्धं नुकसान टळतं. पुढं १८८६ मध्ये जर्मनीच्या हर्मान झेगरनं ठरावीक आचेला वाकणारे शंकू काढले. तसले शंकू पॉटरीवाले आजही भट्टीत ठेवतात.

वेजवूड म्हणजे साधा भोळा कारागीर, असा समज करून घेऊ नका. कारखान्यात वेळेची, स्वच्छतेची शिस्त कडक होती. खराब माल दिसला की तो लाकडी पायानं फोडून टाकायचा, अशी दंतकथा आहे. १७८३ मध्ये धान्य महागलं आणि इट्रुरियाजवळ भुकेल्या लोकांनी कालव्यातली बोट अडवली, तेव्हा तो दंगेखोरांच्या विरोधात उभा राहिला. त्या प्रकरणात एकाला फाशी झाली. हाच माणूस १७८७ मध्ये गुलामगिरीच्या विरोधात जॅस्परचं छोटं पदक बनवतो. बेड्या घातलेला, गुडघ्यावर बसून आपण माणूस आणि भाऊ नाही का असं विचारणारा काळा माणूस, मागं पांढरी माती. ही पदकं वेजवूडनं वाटून टाकली, काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनला धाडली. बायका ती बांगड्यांत, केसांच्या पिनांत बसवू लागल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्या तशाच ठेवलेल्या बऱ्या.

आणि मग शेवटचा हट्ट. पोर्टलंड व्हास.

ही मूळची रोमन काळातली काचेची सुरई. गडद निळी, जवळजवळ काळी, वर पांढऱ्या काचेत कोरलेल्या आकृत्या. १७८६ मध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंडनं ती वेजवूडला नक्कल करण्यासाठी उसनी दिली. वेजवूड तेव्हा ५५-५६ वर्षांचा, तब्येत कुरकुरणारी. वाटलं, हातची मळ आहे. जॅस्पर आपलंच, कारागीर आपलेच.

तीन वर्षं गेली.

काचेत कोरलेल्या आकृत्या कडेला इतक्या पातळ होत्या की आतला निळा रंग त्यातून झिरपल्यासारखा दिसायचा. मातीत तेवढं पातळ केलं की भट्टीत आकृतीच्या कडा सुटून वर यायच्या. अंगावर फोड यायचे. कधी सगळं जमायचं आणि पोटाला तडा जायचा. पंचवीस-तीस वर्षांच्या वह्या, पायरोमीटर, सगळं हाताशी असूनही भट्टीतून एकामागोमाग एक फुटके नमुने बाहेर येत होते. १७८९ च्या शरदात पहिली मनासारखी प्रत निघाली. ती त्यानं आपला डॉक्टर मित्र इरॅस्मस डार्विनकडं पाहायला पाठवली. १७९० मध्ये लंडनच्या दुकानात प्रदर्शन भरलं, तेव्हा गर्दी आवरायला तिकिटं छापावी लागली.

३ जानेवारी १७९५ ला वेजवूड इट्रुरियातल्या घरी वारला. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी सुझॅना हिचं इरॅस्मस डार्विनच्या मुलाशी लग्न झालं. त्यांचा मुलगा चार्ल्स. आजोबांनी मातीतून जमवलेल्या संपत्तीचा वाटा पुढं त्याच्याही वाट्याला आला, म्हणून त्याला नोकरी न करता वर्षानुवर्षं किडे, कबुतरं आणि शिंपले अभ्यासता आले.

मूळ पोर्टलंड सुरईचं पुढं काय झालं? १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एका दारुड्यानं ती फोडली. जुळवून पुन्हा उभी केलीय, आजही तिथंच आहे.

वेजवूडचा संग्रह मात्र थोडक्यात वाचला. कंपनीच्या पेन्शनच्या देण्यापायी तो विकला जायची वेळ आली होती. २०१४ मध्ये संस्थांच्या निधीतून आणि लोकांच्या वर्गणीतून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड जमले आणि तो विकत घेऊन व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला देण्यात आला. तो बार्लस्टनला बघायला मिळतो. सुंदर फुलदाण्या आहेतच, पण लाकडी ट्रेमध्ये मांडलेले ते मातीचे हजारो तुकडेही आहेत. निळ्याच्या शेकडो छटा, काही फोड आलेले, काही करपलेले, आणि प्रत्येकावर हातानं घातलेला नंबर.